आमचं पाकीट, कंपनीची पिशवी

दुकानातला माल संपला की मागवावा लागतो, किस्से मात्र न मागवता येतात. राजारामपुरीत आण्णांच्या दुकानात मी बिलिंगला बसतो, त्यामुळं सगळे आधी माझ्याच पदरात पडतात.

आण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी दुकानाच्या नावानं स्वतःचा माल काढलाय. चहा पावडर, पापड आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण चटणी. गल्लीतल्या बायका मिरच्या निवडतात, कांडपाच्या डंकावर कुटून आणतात, पाकिटं भरतात. साधं पाकीट, वर दुकानाचा शिक्का. चवीला एक नंबर, पण गिऱ्हाईक हात लावणार कंपनीच्या बरणीला. शेवटी आण्णा म्हणाले, "दसऱ्यापतोर बघू. न्हाई खपली तर चटणी बंद, आणि समोरचं कपाट कंपनी भाड्यानं मागतीया, तिला देऊन टाकू." वहिनींनी पदर खोचला. त्यांनी पदर खोचला की आम्हाला भ्या वाटतं.

*

रिटायर झालेले देसाई सर रोज पेपर वाचायला येतात. आमच्या चहा पावडरीवर त्यांचा लई राग. "भुसा असतोय त्यात."

एकदा वहिनींनी कंपनीची रिकामी पुडी समोर ठेवली आणि आपल्या पावडरीचा चहा दिला. सर घोट घेऊन म्हणाले, "ह्येला म्हणायचा चहा. शिका जरा कंपनीकडनं."

वहिनींनी आपला डबा उघडून दाखवला. सरांनी कप काही खाली ठेवला नाही. "मग दूध चांगलं असणार," म्हणाले, आणि अर्धा कप परत मागितला.

*

मुरगूडच्या एक मावशी आहेत. लेक-सून पुण्यात, आणि सुनेचा भरवसा फक्त कंपनीवर. मावशी गुपचूप आमची चटणी कंपनीच्या बरणीत भरून पाठवतात. सुनेचा फोन आला, "आई, ह्या वेळची कंपनीची चटणी भारीच निघाली."

दुसऱ्या दिवशी मावशी काउंटरला हजर. "बाळा, कंपनीची रिकामी बरणी मिळंल का रं? तेवढीच एक वस्तू त्यांची चांगली हाय."

*

दसरा तोंडावर आला आणि कंपनीचा माणूस कपाटाचा करार घेऊन आला. हातकणंगल्याचाच गडी, पण टाय लावून अगदी पुस्तकी बोलायचा. आला तो नेमका जेवणाच्या वक्ताला. अशा वेळी आलेल्या पावण्याला आण्णा उपाशी सोडत नाहीत, मग तो घरचीच चटणी बंद करायला आलेला का असेना.

दुकानामागंच घर. वहिनी स्वतः वाढायला. भाकरी, तांबडा रस्सा, कडेला तेल घातलेली चटणी. पावणं आधी म्हणाले, "थोडंच वाढा." मग टाय खांद्यावर गेला. मग घाम पुसत वाटी पुढं केली, "रस्सा हाय का अजून?" करार तांब्याखाली गप पडून होता.

"चटणी कुठली वं ही?" त्यानं विचारलं.

"तुम्ही बंद करायला आलाय ती," वहिनी म्हणाल्या.

आण्णांनी तांब्याखालचा करार उचलला आणि सही न करताच त्याच्या हातात दिला. "कपाट देत न्हाई, पावणं. तुमच्या ताटाकडं बघून ठरलं." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

हात धुऊन पावणं काउंटरला आले. इकडंतिकडं बघत चटणीची चार पाकिटं माझ्यापुढं ठेवली, आणि बॅगेतनं कंपनीची छापील पिशवी काढली. "ह्यात घाला. बाहेर आमचं साहेब न्यायला आल्यात."

पिशवी घेऊन गेला. गाडीची काच खाली झाली, काहीतरी बोलणं झालं, आणि गडी तोंड पाडून परत दारात.

"साहेबांनी वास ओळखला," म्हणाला. "दोन पाकिटं त्यांनाबी द्या. ह्याच पिशवीत."