खोट काढलेलं बाकडं

आमच्या हिच्या मामांइतका लाकडावर बोलणारा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडणार नाही, आणि इतकं बोलून इतक्या कमी वस्तू तयार केलेला माणूस तर साऱ्या महाराष्ट्रात नसेल. मामा विट्याचे. तिथल्या कितीतरी घरांतले पुरुष करतात तेच त्यांनी जन्मभर केलं, म्हणजे मिसरूड फुटायच्या आत परमुलखात जाऊन सोन्याची गलाई. कोईमतूरच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. जुने, मोडके, डाग देऊन सांधलेले दागिने आटवायचे, त्यातली खोट काढायची आणि शुद्ध सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं. मामी इकडे विट्यात सासू-सासरे आणि मुलगा सांभाळत राहिल्या. मामा जत्रेला आणि घरच्या लग्नकार्याला यायचे, तेवढाच त्यांचा संसार. पुढे मुलाने दुकान हाती घेतलं, मामा कायमचे गावी आले आणि हातांना चैन पडेना म्हणून सुतारकामाच्या नादी लागले.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटसाठी चपला ठेवायला एक लाकडी स्टँड करावा म्हणतो, असं एकदा मी त्यांच्यासमोर सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा हजर. चहा व्हायच्या आत शिकवणी सुरू झाली. नवशिक्याने सागवानाला हात लावायचा नाही, आधी आंब्याची फळी घ्यायची. "चुकलं तर आंबा काय बोलत न्हाई, जावईबापू. सागवान जन्मभर बोलून दाखवतंय." हत्यारांचा ढीग करायचा नाही. करवत, रंधा, हातोडी, एक पटाशी आणि काटकोन बघायला गुण्या, एवढ्यात घर उभं राहतं. पटाशी वापरायच्या आधी तिला धार लावायला शिकायचं. हे सगळं अगदी खरं होतं. फक्त हे सांगणाऱ्या मामांच्या स्वतःच्या खोलीत तऱ्हेतऱ्हेची विजेवर चालणारी यंत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता मांडून ठेवली होती आणि पहिल्याच खेपेला त्यांनी सागवान आणलं होतं.

मग ते मला सांगलीच्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेले. लोक फळी लांबी-रुंदीवर घेतात. मामा ती दोन्ही तळव्यांवर तोलतात, वास घेतात, नखाने ओरखडतात आणि शेवटी खिशातून सोनं पाहायचं भिंग काढून डोळ्याला लावतात. वखारीचे मालक मोठे सोशिक आहेत. मामा दिसले की नोकराला पुढे करतात आणि आपण आत जाऊन बसतात. आणलेलं लाकूड लगेच कापायचं नाही, हा पुढचा धडा. त्याचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं असं समजायचं. हीसुद्धा अस्सल गोष्ट, पण माझ्या फळीचं वजन उतरायचं काही केल्या थांबेना. अखेर हिने बाजारातून प्लॅस्टिकचा स्टँड आणला. मामा येणार असले की आम्ही तो गच्चीवर नेऊन ठेवतो.

साताऱ्याला आमच्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा मामांना वडीलधारे म्हणून नेलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि पाहतो तो मामांची खुर्ची रिकामी. ते टीपॉयखाली उताणे पडून त्याचे सांधे तपासत होते. आता ही सोयरीक मोडते, या भीतीने मी हातात घेतलेली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. मुलीचे वडील निवृत्त फौजी, मिशा भरघोस. ते उठले, आतून बॅटरी घेऊन आले आणि मामांच्या शेजारी आडवे झाले. टीपॉय त्यांनी स्वतः केला होता. लग्न ठरलं. मुलगी कशी आहे हे मामांनी लग्नातच पाहिलं.

अशा या माणसाने एकदा मात्र खरोखरच काहीतरी पुरं करायचं मनावर घेतलं. मामींचे गुडघे गेले होते. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या बायकांशी बोलणं हा त्यांचा एकुलता एक विरंगुळा, तो बंद पडला. मुलाने कोईमतूरहून फोनवर प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन द्यायचं म्हटलं तर मामा त्याच्यावर उखडले. चार बायका ऐसपैस बसतील असं सागवानी बाकडं मी करणार, असं त्यांनी जाहीर केलं. मी चेष्टेने म्हणालो, मामा, आधी पाट करा. ते हसले नाहीत. रंधा खाली ठेवून म्हणाले, "जावईबापू, जन्मभर बायकांचं दागिनं आटवलं. मोडायचं तेवढं काम केलं. हिला हातानं घडवून काय दिलं न्हाई बघा."

पण हात शेवटी गलाईवाल्याचा. सोन्यातली खोट काढली की उरतं ते चोख, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की फळीवर गाठ दिसली की त्यांना ती खोट वाटायची. गाठ म्हणजे फांदी फुटलेली जागा, तीही लाकूडच, असं मी परोपरीने सांगितलं. "खोट ती खोट," म्हणून त्यांनी एका टोकाची गाठ कापली. मग दुसऱ्या टोकाला केसाएवढी चीर सापडली, तीही गेली. भिंग लावल्यावर आणखी काही दिसलं. बाकड्याच्या पायांचीही हीच गत. महिनाभराने मी विट्याला गेलो तेव्हा दारात एक बाकडं उभं होतं. निर्मळ, गुळगुळीत, कुठे डाग नाही, आणि जेमतेम दोन माणसं अंग चोरून बसतील एवढं. समोर मामा करवत घेऊन उभे होते. चेहरा पार उतरला होता. हे मोडतो आणि पाट करतो, म्हणाले.

मामी दाराची चौकट धरत बाहेर आल्या आणि कोणाला न विचारता त्या बाकड्यावर बसल्या. ते हललं नाही. त्यांनी एकदा हात फिरवून पाहिला. "मोडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आवं, बसा हितं." जागा न्हाई, असं मामा पुटपुटले. मामी थोड्या सरकल्या. मामांनी गल्लीत दोन्हीकडे पाहून घेतलं, करवत भिंतीला टेकवली आणि बसले. खांद्याला खांदा लागला होता. दोघंही समोर बघत होती, आणि लाकडावर तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाला बायकोशी बोलायला काही सुचेना.

शेवटी त्यांनी समोर बोट करून हळूच विचारलं, "त्या निळ्या दारात कोन ऱ्हातंय?"

मामींनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. परत येऊन इतके दिवस झाले तरी हा माणूस आपल्याच गल्लीत पाहुणा होता, हे मलाही तेव्हाच कळलं आणि फार वाईट वाटलं. मामींनी सांगायला सुरुवात केली. निळ्या दारात कोण राहतं, त्यांची थोरली मुलगी कुठे दिली, तिच्या लग्नात पाऊस कसा आला. मग शेजारचं घर, तिथले म्हातारे कधी गेले. मग त्यापलीकडचं. मामा मान हलवत ऐकत होते आणि प्रत्येक घरापाशी एवढंच म्हणत होते, "तवा मी तिकडं व्हतो."