शेवटच्या रांगेचा प्याला

"ए पोरी, मागं सर. तुमची रांग शेवटी."

चर्चच्या पंचाच्या बायकोनं दंड धरून मला वेदीसमोरच्या कठड्यापासून उठवलं. मी गुडघे टेकून डोळे मिटले होते. आयुष्यात पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होते. माझा दंड सोडल्यावर तिनं हात पदराला पुसला. ते मी पाहिलं. मायनंही पाहिलं आणि मान खाली घातली.

औरंगाबादच्या छावणीतलं ते जुनं चर्च. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. निजामाचं राज्य होतं. सुगी झाली की गावोगावचे ख्रिस्ती तिथं जत्रेला जमत, नव्या जोंधळ्याची कणसं वेदीपाशी ठेवत. माय, बा आणि मी शेंद्र्याहून पायी आलो होतो. त्या देवळाचं कौतुक ऐकून ऐकून मी वेडी झाले होते. आणि खोटं कशाला बोलू, ते होतंही तसंच. खांबांवर दगडात कोरलेल्या द्राक्षवेली. छताला लाकडी नक्षी. खिडक्यांना लाल-निळ्या काचा. एका काचेत येशू शिष्यांचे पाय धूत होता. मला उठवलं ते त्याच खिडकीखालून.

माय कानात म्हणाली, "गप बस. आधी त्यांचं होऊ दे."

"का?"

"मोठ्या घरची मानसं हायेत ती."

मोठं घर म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ख्रिस्ती होण्याआधी ते पाटील, आम्ही महार. बाप्तिस्म्याचं पाणी सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडलं. जात मात्र कोरडीच राहिली.

मागं जाऊन बसले, पण जिवाला थारा नव्हता. सारखी उठून बघत होते. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला एकच होता, चांदीचा. पाळकसाहेब तो एकेकाच्या ओठाला लावत पुढं सरकत होते. आधी पंच, त्याची बायको, सून. मग शहरातले नोकरदार. सगळ्यांत शेवटी आम्ही. आमच्यानंतर कुणीच नाही, कारण आमचे ओठ लागल्यावर तो प्याला कुणालाच चालला नसता. हे ध्यानात आलं आणि अंगाची नुसती आग झाली.

माझ्या बानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी एक गोष्ट सोडली होती. गावकीची कामं करायची आणि दारोदार उष्टं-शिळं मागून आणायचं, हा म्हणे आमचा हक्क. हक्क! बा म्हणाला होता, "आता कुनाचं उष्टं खायाचं नाय." त्यापायी आम्ही उपाशी झोपलो. गावच्या पाटलानं बाला चावडीपुढं मारलं, तरी तो हटला नाही. आणि इथं, देवाच्या घरात, आमच्यापुढं तेच आलं होतं. फक्त भांडं चांदीचं.

आमची पाळी आली. पाळकसाहेबांनी प्याला माझ्या ओठाला टेकवला. मी तोंड घट्ट मिटलं.

"घे, मुली."

"नको," मी म्हणाले. "उष्टं आमी सोडलंय."

पाळकसाहेबांनी प्याला मायकडं नेला. ती प्यायली.

पायऱ्यांवर मायनं माझ्या थोबाडीत दिली. पंच बाला म्हणाला, "पोरगी अशीच वागली तर तिचं लग्न या देवळात लागणार नाही. मेली तर आपल्या कब्रस्तानात मातीसुद्धा मिळणार नाही."

बा उभा राहिला. पाटलाचा मार खाऊन न वाकलेला माझा बा पंचापुढं हात जोडून उभा राहिला. थोबाडीत बसली त्याचं काही वाटलं नाही. याचं वाटलं. मला त्याची कीव आली नाही, रागच आला. आजही येतो.

परतीच्या वाटेवर मी पुढं पुढं चालत होते. काय व्हायचं ते होऊ दे. लग्न नाही लागलं तर नाही. माती रानात पडली तरी चालेल. पण ज्या प्याल्याला माझ्यानंतर त्यांचं तोंड लागणार नाही, त्याला माझंही लागणार नाही.