आम्ही आणि आपण

जेवणाची शिट्टी झाली आणि कॉलिन एसी खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मागे कोणीच नव्हतं. चाळीस माणसं डबे उघडून शेडखाली बसली होती. मीही त्यांच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो.

आखातातल्या अम्गऱ्याच्या प्रीकास्ट यार्डात मी सुपरवायझर होतो. प्रीकास्ट म्हणजे भिंती आधी साच्यात ओतायच्या आणि मग साइटवर नेऊन उभ्या करायच्या. साल अठ्ठ्याण्णव. विश्रांतीची खोली एकच. दारावर 'स्टाफ' लिहिलं होतं, पण तो शब्द कातडी बघून लागू व्हायचा. गोरा फोरमन आत, डिप्लोमावाला मी बाहेर. जुलैत लोखंडी साच्याला नुसता हात लागला तरी फोड यायचा. आमचा राजापूरकडचा सुतार शांताराम त्या आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडला होता.

कॉलिन इंजिनियर, इंग्लंडचा. खोली सगळ्यांना खुली व्हावी म्हणून पंधरा दिवस तो माणसांशी बोलत होता, मी दुभाषा. माणसं बहुतेक कोकणातली. त्यांची अट एकच होती, सुपरवायझर बरोबर असेल तर येऊ. मी मान डोलावली होती.

आदल्या दिवशी कॉलिन म्हणाला, "त्यांना सांग, उद्या वुई त्या खोलीत जेवणार."

या 'वुई'ला मराठीत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. बायको-मुलगी नुकत्याच गावाहून माझ्याकडे, शेजारच्या जहऱ्याला राहायला आल्या होत्या आणि आमचा व्हिसा कंपनीच्या हातात होता. 'आपण' म्हटलं असतं तर माणसं उठली असती आणि त्यांच्याबरोबर मलाही उठावं लागलं असतं. मी शांतारामच्या गँगला सांगितलं, "उद्या आम्ही खोलीचं बघतो."

आता दाराशी उभ्या कॉलिनने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात पाहिलं. शेवटी तो एकटाच मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने बाहेर येऊन शेडकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तक्रार नक्की कोणाची आहे?" माणसं जेवत राहिली, मीही.

आठवड्यात कॉलिनची रवानगी झाली. जाताना म्हणाला, "मीच घाई केली. त्यांना अजून विचारायला हवं होतं." मला फार लाज वाटली. तरी मी त्याला खरं सांगितलं नाही.

शांतारामला सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, "साहेब, तुमी 'आमी' म्हणालात. 'आपण' म्हणाला असतात तर आमी उठलो असतो."

दोन वर्षांनी मला सीनियर केलं आणि त्या खोलीत खुर्ची मिळाली. शांताराम तेव्हाही शेडखालीच जेवायचा.

गडबडीत भाषांतर चुकलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण माझं मराठी पहिल्यापासून चांगलं आहे.