पेल्याच्या बुडावरचं नाव

गेल्या उन्हाळ्यात आई हुडकेश्वरहून, भावाच्या घरून, माझ्याकडे नंदनवनला राहायला आली होती. मी कॉलेजात इतिहास शिकवते. तेव्हा प्राचीन ग्रीक भांड्यांवर खरवडलेल्या नावांवर एक लेख लिहीत होते. भांडं भाजून वापरात आल्यावर कुणीतरी काळ्या लेपावर टोकदार वस्तूनं अक्षरं ओरखडायचं, की खालची तांबूस माती दिसायची. पुष्कळदा भांडंच बोलतं: ‘मी अमक्याचा.’

लॅपटॉपवर एका फुटक्या पेल्याच्या बुडाचा फोटो होता. त्यावर बाईचं नाव. हिला आपला पेला फार प्रिय असणार, असं मी लिहूनही टाकलं होतं.

दुपारी आई कूलरसमोर येऊन बसली. "काय पाहून राहिली वं एवढं?"

मी सांगितलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

"तिनंच लिहिलं, कशावरून?"

"तिचंच नाव आहे ना."

"नाव तर माझंबी होतं," आई म्हणाली.

लग्नाआधी ती मुलींच्या एका शाळेत कारकून होती, हे मला ठाऊक होतं. पुढचं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"माठाजवळ स्टीलचे गिलास राहत. कोनीबी कोनताबी घ्या. मी लागली त्याच हप्त्यात मोठ्या बाईनं माझ्यासाठी नवाकोरा गिलास आनला, वर माझं नाव टाकून. मले एवढी खुशी झाली! घरी येऊन बाबाले सांगितलं."

आजोबा कापडगिरणीत कामाला होते, तरुणपणीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. जेवता जेवता त्यांचा हात थांबला. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीच्याईच्या गिलासावर हाय का नाव?"

दुसऱ्या दिवशी आईनं पाहिलं. एकावरही नव्हतं. तिनं बिननावाचा एक गिलास उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. सोमवारी साऱ्या जनी घरून आपापला गिलास घेऊन आल्या. साऱ्याईवर नाव."

"तू काय केलंस?"

"लग्न होईपर्यंत नोकरी केली. पानी घरून नेलं."

"आणि तुझ्या नावाचा गिलास?"

"तिथंच ठेवला. तो माझा होता कुठी?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. संध्याकाळी दोन घास खाऊन ताट सारलं.

मी तो फोटो पुन्हा उघडला. अक्षरं खोल आणि सरळ होती, पण हात कुणाचा हे त्यांवरून कळत नव्हतं. आणि तिनं स्वतः कोरलं असलं, तरी ते मायेनं, की दुसऱ्या कुणाच्या ओठाला पेला लागू नये म्हणून? लेखातल्या बाकीच्या नावांकडेही आता मला निर्धास्तपणे बघवेना. सगळ्यांपुढे मी ‘मालक’ लिहिलं होतं.

लेख ज्या पुस्तकात यायचा होता त्याच्या संपादकांना मी कळवलं, पेला प्रिय असल्याचं ते वाक्य काढायचं आहे. त्यांनी सौम्यपणे विचारलं, नवा पुरावा काय? पुरावा काहीच नव्हता. आईचं बोलणं तळटीपेत घालता येत नाही. शेवटी मी लिहिलं, ‘बाईचं नाव. कुणी आणि कशासाठी कोरलं, सांगता येत नाही.’ त्यांना ते लेचंपेचं वाटलं, पण ठेवलं.

जायच्या दिवशी पिशवी भरताना आई म्हणाली, "ते शाळेचं लिहिशील तर लिही. पन नाव नको टाकू कोनाचं."

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"त्यातली एक जन आजबी बजारात भेटते. लेकराबाळाची इचारपूस करते. चांगली बोलते वं." पिशवीचा बंद आवळत म्हणाली, "मीबी बोलते."

खाली भावानं हॉर्न वाजवला आणि ती निघून गेली. लेख यथावकाश छापून आला. त्या बाईशी बोलताना आईच्या मनात काय चालतं, हे मला अजून विचारवलेलं नाही.