पान अठ्ठावीस आणि पूजाचा साखरपुडा

"मॅडम, रविवारी तुमच्या गल्लीला नळ नाय," सलीमभाई म्हणाले. "अन् पूजाबेटीचा साखरपुडा रविवारीच हाय ना?"

मी फाइलीतून मान वर केली. माझ्या लेकीचा साखरपुडा रविवारीच होता, आमच्याच गच्चीवर होता, आणि जेवायला दीडशे माणूस. नळ नाही, हा निर्णयही माझाच होता.

मी पाणीपुरवठ्यात उपअभियंता होते. कुठल्या ऑफिसात, ते राहू द्या. नुकतीच 'स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग अँड लीडरशिप'चं ट्रेनिंग करून आले होते. तीन दिवस एसी हॉल आणि रोज ढोकळा. ट्रेनर म्हणाले, लीडरने सिस्टिम द्यावी आणि अपवाद बंद करावेत. अपवाद बंद करणं मला फारच आवडलं.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. प्रत्येक गल्लीचा दिवस ठरलेला. त्या दिवशी सलीमभाई लांब लोखंडी चावीने रस्त्याखालचा व्हॉल्व फिरवतात, मग पाणी सुटतं. हे सगळे दिवस त्यांच्या वहीत. वहीला लग्नपत्रिका टाचलेल्या. कुणाकडे कार्य असलं की दोन गल्ल्या आपसात दिवस बदलून घेत. ती वही पाहून मला लाज वाटली. मी चाळीस पानांचा प्लॅन केला. पान अठ्ठावीस: दिवसांची अदलाबदल कोणत्याही कारणासाठी होणार नाही.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी सलीमभाईंवर चिडले.

"बोल्लो की. कुणाचं लगीन असलं तर, म्हन्लं. तुम्ही म्हन्लात, तारीख आपल्याला विचारून काढायची."

टँकर मागवता आला असता. पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरच्या दारात टँकर उभा राहिला असता, तर सगळं पुंडलिकनगर बघायला आलं असतं. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, पान अठ्ठावीसला एक अपवाद..."

"अहो, सोमवारी त्याच प्लॅनचं प्रेझेंटेशन आहे! तुम्हीच काहीतरी मार्ग काढा. लीडर आहात." फोन बंद.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "रविवारी मागच्या गल्लीचा नळ हाय. त्यांनी दिला तर जमंल. आधी असलं मागायला मीच जायचो. आता प्लॅन तुमचा हाय."

मागच्या गल्लीत कमलबाईंचा शब्द चालतो. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर तीन बायकांसोबत लसूण सोलत होत्या.

"या मॅडम. माझ्या नातवाच्या जावळाला दिवस मागायला आले होते म्या. ध्यानात हाय का?"

होतं. मी त्यांना पान अठ्ठावीस वाचून दाखवलं होतं. वर झेरॉक्सही दिली होती. कमलबाई आत गेल्या आणि डब्यांखाली अंथरलेली ती झेरॉक्स घेऊन आल्या. तिच्यावर तेलाचे गोल उमटले होते.

"जरा वाचा बरं पुन्हा. माझा चष्मा सापडंना."

मी वाचलं. मोठ्याने, शेवटपर्यंत. एका बाईने पदरात तोंड खुपसलं. इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"मंग त्येच्यावरच लिव्हा तसं."

सलीमभाईंनी पेन पुढे केलं. एवढा वेळ ते माझ्या मागेच उभे होते, हे मला तेव्हा कळलं. मी पान अठ्ठावीसवर काट मारली, खाली 'चुकलं' लिहिलं आणि सही केली. कमलबाईंनी ती झेरॉक्स घडी करून कमरेला खोचली. "न्या मंग आमचा नळ. बुधवारचा तुमचा आमाला."

रविवारी सकाळी सहाला पाणी आलं. टाक्या भरल्या, पिंपं भरली. मला रडू आलं. पूजा म्हणाली, "आई, साखरपुडा आहे, पाठवणी नाही."

बारा वाजता कमलबाई आल्या. मागून अख्खी गल्ली, लेकराबाळांसकट.

"आमच्याकडं पाणी नाय," त्या म्हणाल्या. "सैपाक कशानं करावा?"

"हौ, बराबर हाय," म्हणत सलीमभाईंनी स्वतः पंगत बसवली. सगळे पोटभर जेवले. व्याह्यांच्या शेवटच्या पंगतीला मात्र नुसता वरणभात मिळाला.

सोमवारी साहेबांना नवं पान अठ्ठावीस दाखवलं: गल्ल्यांच्या संमतीने अदलाबदल करता येईल. साहेब खूश. "स्टेकहोल्डर एंगेजमेंट! एक्सलंट! हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात?"

कमलबाईंच्या ओट्यावर, असं काही मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून प्लॅनिंग करताना मी एक हिशेब चुकवत नाही. ज्या गल्लीचं पाणी घ्यायचं, तिची जेवणाची पानं आधी धरायची.