पाटीचं तिकीट

पैठणच्या एसटीत ती कंडक्टर होती. कुणाच्या तोंडाकडं न बघता म्हणायची, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय." जागा कधीच नसायची. मी पैठणहून शहरात येऊन गारखेड्यात मोसंबी विकते. शहर वाढलं, गिऱ्हाईक वाढलं, पण दुष्काळात बागा वाळल्या आणि माझी पाटी निम्मी झाली. ती मात्र परतीच्या रिकाम्या पाटीचंही तिकीट फाडायची. भल्याभल्यांना भावात नमवणारी मी, तिच्यापुढं रोज हरायचे. तो राग अजून गेलेला नाही.

पुढं तिला दिवस गेले, सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. गचका बसला की ती पोट धरून दांडीला टेकायची. एकदा परतताना मीच ओरडले, "बस की गं खाली! रजा कवा घेणार?"

"उद्यापासून, मावशी. लवकरच टाकली."

"मग नंतर लेकरापाशी दिवस कमी पडतील."

"पडू द्या. आधी ते नीट येऊ द्या."

हा सौदा मला पटला. मी पाटी पालथी करून तिच्या पायाखाली सरकवली. पैठण येईपर्यंत ती त्यावर पाय ठेवून निवांत बसली.

उतरण्याआधी तिनं पाटीचं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी भांडले नाही.