भादुडीबाबू आणि कपाटातला जबडा

हाडं ओळखायच्या खात्यात नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप साचतात. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी कलकत्त्याला नवा, नोकरी कच्ची. ती पक्की करायची की नाही, हे साहेब ठरवणार. साहेब म्हणजे भादुडीबाबू. समुद्रातल्या जनावरांचे दगड झालेले जबडे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता!

*

पहिल्याच दिवशी म्हणाले, "सियालदहच्या बाजारात जा, रोहू माशाचं मुंडकं आण. जबडा सुटा कर आणि परत जोड."

मी चाचरत म्हटलं, "सर, मी शाकाहारी आहे."

"अरे, खायला कोण सांगतंय? ओळख करून घ्यायला सांगतोय!"

*

जुनं हाड की साधा दगड, हे कळेना की आम्ही जीभ लावून बघायचो. हाड जिभेला चिकटतं, दगड नाही चिकटत. एकदा आमची मंडळी डबा घेऊन आली, तेव्हा माझी जीभ नेमकी एका जबड्यावर!

"अहो, घरी अंड्याला शिवत नाही तुम्ही!"

डबा मिळाला. पण संध्याकाळी चूळ भरल्याशिवाय घरात घेतलं नाही, तीही गंगाजलानं.

*

खिदिरपूरच्या गोदीत कच्छहून आलेली आमची पेटी अडकली. कारकुनानं झाकण उघडलं, तर आत जबडा. म्हणाला, "मृत्यूचा दाखला?"

भादुडीबाबू शांतपणे म्हणाले, "मयत होऊन लाखो वर्षं झाली. वारस सापडले की दाखला घेऊन येतो."

पेटी सुटली. पठ्ठ्यानं रजिस्टरात लिहिलंसुद्धा, 'वारसांचा शोध चालू'!

*

आता कपाटातला जबडा. भादुडीबाबूंनी तो तरुणपणी ओळखला होता, चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात 'देवमासा'. पुढचा भाग दगडात रुतलेला होता, तो सुईनं मोकळा करायचं काम माझ्याकडे आलं. दगड सुटला आणि मी चिठ्ठी पुन्हा वाचली. देवमाशाचा जबडा पुढे सरळ जातो. हा चक्क खाली वाकलेला! समुद्राच्या तळाचं गवत चरणारी समुद्रगाय होती ती.

सांगावं, तर साहेबांची चूक काढली म्हणून नोकरी जायची. न सांगावं, तर कामाशी बेइमानी. सात महिने मूग गिळून बसलो. स्वतःचीच लाज वाटायची. शेवटी मंडळीच म्हणाली, "जायची तर जाऊ दे नोकरी. पण रोज असं तोंड पाडून जेवू नका बाई!"

दुसऱ्या दिवशी जबडा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी त्या वाकावरून दोनदा बोट फिरवलं. जुनी चिठ्ठी काढली, नवी लिहिली.

"कधी कळलं तुला?"

"सात महिने झाले, सर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटेल म्हणून गाय सात महिने दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून ठेवलीस?"

मी घरी जाऊन ट्रंका आवरायला घेतल्या.

आठवड्यानं माझा कागद वर गेला. हेडक्लार्कनं साहेबांचा शेरा वाचून दाखवला, "काम चोख. साहेबांना घाबरतो. नोकरी पक्की झाली की घाबरणार नाही. म्हणून पक्की करावी."